पहिल्या शंभर किलोमीटरात स्क्रॅम्बलरला नावं ठेवू नका

वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: स्क्रॅम्बलर (रस्त्यावरचीच, पण कच्च्यालाही नेता यावी म्हणून पाय थोडे लांब केलेली मोटारसायकल) घेतली किंवा चालवून पाहिली, पण ती काही अंगवळणी पडेना. बहुतेक पत्रं ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्सबद्दल आहेत. २०२३ साली आलेली ही गाडी बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनते, त्यामुळे आपल्याकडे ती बरीच दिसते. खाली आकडे आहेत ते, वेगळं सांगितलं नसेल तर, याच गाडीचे. रॉयल एनफील्डची स्क्रॅम किंवा येझदीची स्क्रॅम्बलर चालवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, कारण या सगळ्यांचं पुढचं चाक १९ इंची आणि मागचं १७ इंची आहे.

प्रश्न: मित्राची स्पीड ४०० (ट्रायम्फचीच रस्त्यावरची गाडी) चालवली होती, ती आवडली म्हणून स्क्रॅम्बलर बुक केली. इंजिन तेच म्हणतात, पण गाडी पार वेगळी वाटते. पुढचं चाक कुठे आहे तेच हाताला कळत नाही, वळणात गाडी उशिरा झुकते आणि पुढचा ब्रेक दाबला की नाक खाली जातं. दोनशे किलोमीटरही झाले नाहीत. काही बिघाड असेल का? (नाशिक)

इंजिन खरोखरच तेच आहे: ३९८ सीसी, एक सिलिंडर, ८,००० आरपीएमला ४० पीएस आणि ६,५०० ला ३७.५ न्यूटन मीटर. बदललंय ते इंजिनच्या भोवतीचं सगळं. स्पीडचं पुढचं चाक १७ इंची, तुमचं १९. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं, दगडावर सहज चढतं, पण फिरत असताना आपली दिशा सोडायला कुरकुरतं. दोन चाकांमधलं अंतरही १,३७७ वरून १,४१८ मिलिमीटर झालंय. म्हणून गाडी सरळ रेषेत जास्त शांत आणि वळणात सुरुवातीला सुस्त लागते. ही सुस्ती घालवायलाच हँडल रुंद दिलंय, त्याचा तरफेसारखा उपयोग होतो. डावं वळण घ्यायचं तर शरीर डावीकडे टाकत बसू नका, डाव्या हाताने डावं हँडल हलकेच पुढे ढकला. गाडी लगेच झुकेल. मोकळ्या सरळ रस्त्यावर ४०-५० च्या वेगात आठ-दहा वेळा हे करून बघा, अर्ध्या तासात हाताला सवय होते.

नाक खाली जाण्याचं कारण शॉकअपचा प्रवास, म्हणजे तो जितका दबू शकतो ते अंतर. पुढे-मागे दीडशे-दीडशे मिलिमीटर आहे. स्पीडला पुढे १४० आणि मागे १३०. जितका प्रवास जास्त तितकी गाडी ब्रेकला पुढे झुकणार आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागे बसणार. ब्रेक एकदम चिमटीत धरला तर फोर्क (पुढचा शॉकअप) धाडकन दबतो. तोच ब्रेक आधी अर्धा सेकंद नुसता टेकवला, फोर्क थोडा बसू दिला आणि मग जोर वाढवला, तर डुबकी निम्म्याने कमी भासते आणि टायरची पकडही वाढते. मागचा ब्रेक क्षणभर आधी लावला तरी गाडी सपाट बसते. डिस्क स्पीडपेक्षा मोठी आहे (३२० मिलिमीटर), पण ब्रेकची सुरुवातीची धार मुद्दाम मवाळ ठेवली आहे, म्हणजे खडीवर बोट जरा जास्त दाबलं गेलं तरी चाक एकदम अडकू नये. शहरात मात्र नवख्याला वाटतं की ब्रेकच लागत नाही. शिवाय पॅड नवे आहेत. रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १५-२० पर्यंत, मध्ये गार व्हायला वेळ देत, वीस-पंचवीस वेळा नीट ब्रेक लावा. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसले की चावा वाढतो.

उरलं ‘पुढचं चाक कळत नाही’. यात तीन गोष्टींचा हात असू शकतो. नव्या टायरवर साच्यातून आलेली गुळगुळीत साय असते, ती जायला दीडशे-दोनशे किलोमीटर लागतात, तोवर ओल्या रस्त्यावर आणि वळणात जपून. दुसरं, ठोकळेदार टायरचे ठोकळे भार आला की किंचित वाकतात, आणि ती वळवळ हाताला लागते. हा त्या टायरचा स्वभाव आहे. तिसरं, हवा. डिलिव्हरीच्या दिवशी हवा कंपनीच्या आकड्याएवढी असेलच असं धरून चालू नका. गोदामात आणि ट्रकमध्ये ठेवताना ती कमी-जास्त केलेली असते. गाडीवरच्या स्टिकरवरचा आकडा बघा आणि टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजा. पेट्रोल पंपावरचा काटा आणि खरी हवा यांचं फारसं सख्य नसतं.

हे सगळं करूनही शंका उरली तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) तपासा. गाडी सपाट जागी उभी करून पुढचा ब्रेक घट्ट धरा, हँडल पुढे-मागे हलवा, आणि दुसऱ्या माणसाला फोर्कच्या खालच्या पट्टीजवळ, फ्रेमच्या नळीशी, बोट लावून बघायला सांगा. तिथे ‘टक’ लागली तर कोनसेट ढिला आहे, गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा. टक नसेल तर गाडी ठणठणीत आहे.

प्रश्न: शोरूमवाले टेस्ट राइडला दहा मिनिटंच देतात, तीही गर्दीच्या रस्त्यावर. एवढ्यात काय बघायचं? (पिंपरी)

दहा मिनिटांतली पहिली दोन गाडी सुरू न करता वापरा. बूट घालून जा, जे रोज घालता तेच. गाडी सरळ उभी करा आणि साइड स्टँडवरून उचलताना किती जोर लागतो ते बघा. १८०-१८५ किलोच्या घरातली गाडी आहे. मग पार्किंगमध्ये बसल्या बसल्या पायाने मागे ढकला. उंच सीटवर पुढे जाणं सोपं असतं, उतारावरून मागे घेणं कठीण, आणि घरासमोर रोज तेच करायचं असतं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, मनगट मांडीला लागतं का.

सुरू केल्यावर पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर न देता नुसत्या क्लचवर गाडी सरकवा. नंतर तिसऱ्या गिअरमध्ये २५-३० च्या वेगाने चालवा. या इंजिनला खालच्या आरपीएमला ओढायला आवडत नाही, ते अडखळतं, चेन झटके देते. हे तुम्हाला खटकतं का, ते इथेच कळेल. बुलेटवर वाढलेल्याला हमखास खटकतं, कारण तिथे वरच्या गिअरमध्ये रमतगमत जायची सवय असते. इथे गिअर एक खाली ठेवायचा.

एखादा स्पीड ब्रेकर बसून आणि एखादा पायदानावर उभं राहून घ्या. उभं राहिल्यावर पाठ किती वाकते ते लक्षात ठेवा. शेवटी शक्य असेल तर मागे कुणाला बसवून एक फेरी मारा. शोरूममध्ये हे कुणीच करत नाही आणि घरी आल्यावर पहिली तक्रार तिथूनच येते.

मायलेज, टॉप स्पीड आणि स्क्रीनवरचे रंग यात एकही मिनिट घालवू नका.

प्रश्न: माझी उंची पाच फूट तीन इंच. सीट ८३५ मिलिमीटर आहे म्हणतात. दोन्ही पायांचे चवडेच कसेबसे टेकतात. मेकॅनिक म्हणतो, मागे लिंक बदलून गाडी दीड इंच खाली घेऊ. घ्यावी का? (कोल्हापूर)

नको, ताई. मागून गाडी खाली घेतली की पुढचा भाग तुलनेने वर राहतो, आधीच सुस्त असलेलं हँडल आणखी सुस्त होतं. साइड स्टँड लांब पडतो, गाडी उभी करताना पलीकडे कलंडू पाहते, मग तोही कापावा लागतो. आणि ज्या प्रवासासाठी पैसे मोजले तोच गेला.

आधी बघा की शॉकअपचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, कितीवर आहे. तुमचं वजन कमी असेल आणि स्प्रिंग जास्त ताणलेली असेल तर गाडी तुमच्याखाली बसतच नाही. ते कसं मोजायचं ते पुढच्या उत्तरात आहे. त्याने दहा-बारा मिलिमीटर मिळू शकतात. नंतर सीट. चांगला सीटवाला पुढच्या भागातला फोम वीस-पंचवीस मिलिमीटर उतरवू शकतो. पण उंचीइतकीच रुंदीही आड येते, म्हणून मांड्यांच्या बाजूच्या कडा तासायला सांगा. कडा गोल झाल्या की पाय सरळ खाली जातो. फोम फार काढला तर खालचं प्लास्टिक बुडाला लागायला लागतं. आधी सीटची मूळ गादी जपून ठेवा किंवा दुसरी सीट घेऊन तीच कापा.

तिसरी गोष्ट फुकटची आहे. दोन्ही पाय टेकवायचा नाद सोडा. थांबताना बूड डावीकडे सरकवा, डावा पाय पूर्ण तळव्यासकट टेकवा, उजवा मागच्या ब्रेकवर राहू द्या. सिग्नलला थांबण्याआधी रस्त्याचा उतार कुठल्या बाजूला आहे ते बघायची सवय लावा. उंच बाजूला पाय टाकायचा, सखल बाजूला नाही. कडेला थांबताना निम्म्या गाड्या पडतात त्या इथेच, डांबराच्या कडेवरून पाय खाली साइडपट्टीत जातो म्हणून.

प्रश्न: वजन ५८ किलो. खड्ड्यात गाडी आपटते, कंबरेत झटका बसतो. ‘लाँग ट्रॅव्हल’ म्हणून घेतली आणि जुन्या १२५ पेक्षा कडक लागते. (जळगाव)

लांब प्रवासाचा शॉकअप म्हणजे मऊ शॉकअप, हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. स्प्रिंग ठरवताना साधारण ७५-८० किलोचा माणूस आणि कधीमधी मागे दुसरा, असा हिशेब असतो. तुमच्याखाली ती पुरेशी दबत नाही. पुढचा फोर्क (४३ मिलिमीटरचा, उलटा) या गाडीत जुळवता येत नाही, पण मागचं प्रीलोड बदलता येतं.

मोजायला दोन माणसं आणि एक टेप हवी. मागच्या एक्सलच्या मधोमधपासून सरळ वर, सीटखालच्या पॅनलवर चिकटपट्टीची खूण करा. गाडी साइड स्टँडवर असताना एकाने ती स्टँडच्या बाजूला कलती करावी, इतकी की मागचं चाक जमिनीवरून सुटेल. आता एक्सल ते खूण अंतर मोजा. पॅडॉक स्टँडवर हे मोजू नका. तो स्टँड स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली) लागतो, चाक उचललं तरी स्प्रिंगवर गाडीचा भार तसाच राहतो आणि आकडा खोटा येतो. मग गाडी सरळ करून तुम्ही रोजच्या हेल्मेट-जॅकेटसकट बसा, पाय पायदानावर, एकाने हँडल धरून ठेवावं. दोनदा गाडी दाबून सोडा आणि पुन्हा मोजा.

समजा आधी ६१० आले आणि बसल्यावर ५८२. फरक २८. दीडशेच्या प्रवासात हा तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या जवळपास हवा. २८ म्हणजे गाडी तुमच्याखाली फारच ताठ आहे. सी-स्पॅनरने प्रीलोड एक पायरी कमी करा, पुन्हा मोजा. उलट कुणाला ६० आले तर प्रीलोड वाढवायचं. प्रीलोडने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, ती कुठल्या उंचीवर काम करते एवढंच बदलतं. पण खड्ड्यात चाकाला खाली जायलाही जागा लागते, आणि ती मिळाली की कंबरेचा झटका निम्मा होतो.

मागे माणूस आणि सामान असेल त्या दिवशी दोन पायऱ्या वाढवा. नाहीतर गाडी मागून बसते, हेडलाइट समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यात जातो आणि पुढचं चाक हलकं पडतं. आणि हो, हे करायच्या आधी टायरमधली हवा बघा. जळगावच्या उन्हात दुपारी मोजून भरलेली हवा वेगळीच असते.

प्रश्न: शेताकडे चार किलोमीटर पांदण रस्ता आहे. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल. स्क्रॅम्बलर चालेल का? एबीएस बंद करूनच जायचं का? (परभणी)

उन्हाळ्यात मजेत. पावसाळ्यात नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. काळ्या मातीचा चिखल टायरच्या खाचांत बसतो आणि निघत नाही. पन्नास मीटरमध्ये ठोकळेदार टायर चकचकीत गोल लाडू होतो. नंतर तोच चिखल पुढच्या मडगार्डमध्ये साचतो. मडगार्ड टायरच्या अगदी जवळ आहे, मध्ये बोटभर जागा. माती तिथे घट्ट बसली की पुढचं चाक फिरायचंच थांबतं, आणि तेव्हा गाडी चालवणारा अ‍ॅक्सिलरेटर पिळत असतो. काडीने उकरून शंभर मीटर जाता येतं, पुन्हा तेच. पेरणीच्या दिवसांत गाडी डांबरी रस्त्यावर लावा आणि पायी जा. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या मुरमाच्या, जांभ्याच्या रस्त्यांवर असं होत नाही. तिथे पाणी निचरतं, हीच गाडी छान चालते.

फुफाट्यात आणि खडीवर चालवताना उभं राहा. मजा म्हणून उभं राहायचं नसतं. वजन सीटवरून पायदानावर आलं की गाडी पायांखाली हलते आणि तुम्ही वरती स्थिर राहता. गुडघे किंचित वाकलेले, टाकीला चिकटलेले, हँडल चिमणी धरल्यासारखं. गाडीचं पुढचं चाक फुफाट्यात दोन-चार इंच इकडेतिकडे जाणारच, त्याच्याशी भांडू नका. दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर किंचित चालू. सगळ्यात जास्त माणसं पडतात ती घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडल्यावर: भार पुढे येतो, पुढचं चाक मातीत रुततं. पायदानावरचं रबर काढता येत असेल तर काढा, खालचे दाते बुटाला धरतात.

आता एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा. खडीच्या उतारावर चाक अडकतंय असं दिसलं की एबीएस ब्रेक सोडतं, आणि गाडी थांबायला लांब अंतर घेते. एबीएस नसेल तर अडकलेलं चाक आपल्यापुढे खडीचा ढीग जमा करतं आणि त्यावर थांबतं, म्हणून कसलेले लोक ते बंद करतात. पण पुढचं चाक अडकलं तर नवखा माणूस क्षणात आडवा होतो. ४०० एक्समध्ये एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागीच घसरून फिरू न देणारी यंत्रणा) दोन्ही बंद करता येतं. तुम्ही सुरुवातीला फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, कारण चढावर मऊ मातीत ते इंजिनची ताकद कापतं आणि गाडी मध्येच मरगळते. एबीएस बंद करायचं ते पुढचा ब्रेक एका बोटाने जपून दाबायची सवय झाल्यावर. एकदा चावी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी मूळ अवस्थेत येते, बांधावर थांबून गप्पा मारल्यावर पुन्हा बंद करावं लागेल. हे गैरसोयीचं वाटतं, पण तुम्ही घरी जाताना डांबरावर एबीएस बंद ठेवून विसरू नये म्हणूनच ते आहे.

ओढ्यावरच्या फरशी पुलाबद्दलही तुम्ही विचारलंय. पाणी वाहतं असेल आणि चाकाच्या एक्सलपर्यंत आलेलं असेल तर थांबा. स्थिर पाणी असेल तर आधी पायी चालून बघा, पहिल्या गिअरमध्ये न थांबता जा, आणि पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलकेच दाबून डिस्क सुकवा.

प्रश्न: ९०-१०० च्या पुढे हँडल आणि पायदानात झिणझिण्या येतात. जाड हँडगार्ड बसवल्यापासून जास्तच वाढल्या. (सोलापूर)

एक सिलिंडरचं, वर फिरणारं इंजिन आहे, वरच्या आरपीएमला थोडी झिणझिण राहणारच. पण तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. बाहेरचे हँडगार्ड बसवताना हँडलच्या टोकाची जड वजनं बहुतेकदा काढून टाकतात, कारण गार्डचा बोल्ट तिथेच जातो. ती वजनं शोभेची नाहीत. हँडलच्या नळीची थरथर नेमकी हातापाशी येऊ नये म्हणून ती असतात. वजन राखून बसणारा गार्ड घ्या किंवा लांब बोल्टने वजन आणि गार्ड दोन्ही बसवा. मूठ घट्ट आवळून चालवणाऱ्याला झिणझिण्या जास्त येतात, हेही खरं. पहिल्या १,००० किलोमीटरात इंजिन एकाच वेगावर तासभर धरू नका, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊ नका, आणि उलट वरच्या गिअरमध्ये रडतखडतही नेऊ नका. पहिली सर्व्हिस १,००० किलोमीटरला आहे, त्यात तेल आणि फिल्टर बदलतात. नंतर आवाज आणि थरथर थोडी कमी होते.

वाऱ्याची तक्रार मात्र सुटत नाही. सरळ बसायचं, पुढे काच नाही, १०० ला छातीवर वारा घ्यायचा. समृद्धीवर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळे तसाही प्रश्न फार येऊ नये.

प्रश्न: तारांची चाकं दिसायला भारी. ४०० एक्सला अलॉय आहेत. तारांची घ्यावी का, आणि गावाकडे १९ इंची ट्यूब मिळते का? (रत्नागिरी)

तारेचं चाक दगडावर आपटलं तर वाकून भार घेतं, अलॉयला तडा जाऊ शकतो. पण साध्या तारेच्या चाकात ट्यूब असते, आणि ट्यूब म्हणजे आडरानात चाक खोलणं. अलॉयला ट्यूबलेस टायर, भोकात वात (पंक्चर बुजवायची रबरी पट्टी) खुपसून पाच मिनिटांत पुढे. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्याला जाणाऱ्याने अलॉयच ठेवावी. दोन्ही हवं असेल तर २०२५ च्या ४०० एक्ससीला तारेचीच पण ट्यूबलेस चाकं आहेत. रॉयल एनफील्डच्या स्क्रॅम ४४० मध्ये एक प्रकार तार-ट्यूबचा आणि एक अलॉय-ट्यूबलेसचा आहे, बुक करताना नीट बघा.

ट्यूबचं म्हणाल तर नशीब चांगलं आहे: १००/९०-१९ हे माप २०२१ नंतरच्या क्लासिक ३५० च्या पुढच्या चाकाचंही आहे. बुलेटवाल्या पंक्चरवाल्याकडे विचारा. ट्यूबलेसवालेही एक ट्यूब पिशवीत ठेवतात, कडेची भिंत फाटली तर वात लागत नाही.

कच्च्या रस्त्यावर हवा चार-पाच पीएसआय कमी केली तर पकड वाढते. त्याहून फार खाली जाऊ नका, धारदार दगडावर रिम बसते. आणि डांबरावर परत आलात की आधी हवा भरा, मग चहा.

प्रश्न: साडीगार्ड काढला तर गाडी काय दिसते! काढू का? (ठाणे)

दिसते खरी. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार, पायदान आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारं, कपडे अडकू न देणारं आच्छादन हवंच. ओढणी चेनमध्ये गेली की काय होतं हे सांगायला नको. सायलेन्सर बदलून आवाज वाढवण्याबद्दल विचारणाऱ्या चार वाचकांनाही हेच उत्तर: जमा केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात ते फोटो तुम्हीही पाहिलेत.

प्रश्न: स्क्रॅम्बलर आणि अ‍ॅडव्हेंचर बाइक यात फरक काय? लडाखला नेता येईल का? (नागपूर)

‘स्क्रॅम्बल’ म्हणजे इंग्लंडमधली चिखल-माळावरची शर्यत. १९२४ साली कॅम्बर्लीच्या माळावर झालेल्या शर्यतीपासून हा शब्द रुजला असं मानतात. लोक रस्त्यावरचीच गाडी घ्यायचे, जड भाग काढायचे, सायलेन्सर वर घ्यायचे, ठोकळेदार टायर लावायचे. आजचीही स्क्रॅम्बलर मुळात रस्त्यावरचीच गाडी, फक्त पाय थोडे लांब केलेली. ट्रायम्फने २००६ मध्ये ८६५ सीसीची आणली, डुकाटीने २०१५ मध्ये ८०३ सीसीची, तिथून ही लाट आली. अ‍ॅडव्हेंचर बाइक सुरुवातीपासून लांब पल्ल्यासाठी आखलेली: मोठी टाकी, वारा अडवणारी काच, पेट्या लावायला मजबूत सांगाडा. ४०० एक्सची टाकी १३ लिटरची. लिटरला २५-२८ धरले तर तीनशेच्या आसपास जाते आणि रिझर्व्हचं गणित चढाला बिघडतं. लडाख होईल, पण वारा आणि पेट्रोल दोन्हींचं भान ठेवून.

प्रश्न: मुलगा लंडनला आहे, वय १९. तिथे ४०० एक्स ए-२ लायसन्सवर चालते का? (पुणे)

चालते. ए-२ ची मर्यादा ३५ किलोवॅट, ही गाडी २९ च्या आसपास आहे. ए-२ साठी किमान वयही १९ च आहे.

प्रश्न: शोरूमने चेन आवळून दिली, तेव्हापासून खड्ड्यात मागून ‘खट्’ आवाज येतो. चेन तर अजिबात लोंबत नाही. (सांगली)

तीच तर अडचण. लांब प्रवासाच्या गाडीत मागचं चाक वर-खाली जाताना पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चक्र) आणि एक्सल यांतलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ असते, आणि हे गाडी दबलेली असताना होतं, उभी असताना नाही. उभ्या गाडीवर चेन नीट ताणलेली दिसली तर खड्ड्यात ती ओढली जाते, झटका गिअरबॉक्सच्या बेअरिंगला आणि स्प्रॉकेटला बसतो. मॅन्युअलमधला ढिलेपणाचा आकडा घ्या, मागचं चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी मोजा आणि जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथे तो आकडा धरा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून एक्सलचा नट आवळा. मग मागे एकाला बसवून चेन बोटाने हलवून बघा, तेव्हाही ती किंचित हलली पाहिजे. धुवायला रॉकेल किंवा चेन क्लीनर, पेट्रोल नको, आतले रबरी रिंग खराब होतात. तेल दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसातून आलात तर त्याच संध्याकाळी, चेन गरम असताना.